गावाच्या गायरानावरील गोल्फ

गोल्फ म्हटले की आपल्याकडे प्रथम डोळ्यांपुढे कुंपण येते. चेंबूरचे मैदान असो की पुण्याचे येरवड्याचे, रस्त्याने जाणाऱ्याला तारेपलीकडची हिरवळ तेवढी दिसते. इंग्रजांनी १८२९ साली कलकत्त्यास गोल्फचा क्लब काढला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. तेव्हापासून या खेळाचा आणि साहेबाच्या जिमखान्याचा जो संबंध जुळला, तो आपल्या मनातून अद्याप पुरता सुटलेला नाही. तेव्हा नागरिकांच्या व्याख्यानमालेत गोल्फच्या मैदानाचा इतिहास कशाला, असे कोणी विचारल्यास ती शंका आम्ही वावगी मानणार नाही.

पण या खेळाचे जे आद्यपीठ, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचे 'ओल्ड कोर्स' नावाचे मैदान, त्याची कथा कुंपणाची नाही, गायरानाची आहे. पाश्चात्त्य देशांत मैदानांचे सामान्यतः तीन प्रकार मानतात. काही मैदाने निव्वळ सभासदांची, काही सर्वस्वी सार्वजनिक आणि काही अर्धखाजगी, म्हणजे सभासदांना अग्रहक्क आणि उरलेल्या वेळात पैसे भरणाऱ्या कोणासही मुभा. सेंट अँड्र्यूजचे मैदान या तिसऱ्या प्रकारात बसवता येते, परंतु उलट्या बाजूने. तेथे जमीन गावाची आहे आणि जगद्विख्यात क्लब तिच्यावर ठरावीक वेळांपुरता हक्कदार आहे. हे उलटे नाते कसे जमले आणि त्याचा मैदानाच्या रचनेवर, किंबहुना प्रत्यक्ष खेळावर, कसा ठसा उमटला, हेच आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम जमीन पाहू. समुद्राचा पुळणीचा पट्टा आणि शेतीची काळी जमीन यांच्यामध्ये जी वालुकामय, उंचसखल, नांगराला निरुपयोगी जागा असते, तिला स्कॉटलंडात 'लिंक्स' म्हणतात. सेंट अँड्र्यूजच्या उत्तरेस, ईडन नदीच्या मुखापर्यंत, असा एक पट्टा पसरलेला आहे. तेथे पीक येत नाही, पण बारीक, चिवट गवत उत्तम येते. मधूनमधून पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे असतात. अशी जागा कोठल्याही गावात ज्या कामी येते त्याच कामी ती येथे येई. मेंढरे चरत, कोळी जाळी वाळवीत, बायका धुणी वाळत घालीत आणि मोकळ्या वेळी पोरे व बाप्ये काठीने चेंडू टोलवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खेळाचे जे नियम तेथे छापले गेले, त्यांत वाळत घातलेल्या कपड्यांवर चेंडू पडल्यास काय करावे याचाही एक नियम होता. चेंडूखालून कपडे ओढून घ्यावेत आणि धुण्याचे टब आड येत असेल तर बाजूस सारावे! खेळाचे नियम करणारी मंडळी सरदार-जमीनदार होती, पण धोबिणीला हुसकून लावण्याचा अधिकार आपणास आहे असे त्यांना वाटले नाही, हे त्यावरून दिसते.

या मैदानाचा आराखडा कोणी काढला, या प्रश्नास उत्तर नाही. कारण तो कोणी काढलाच नाही. वाऱ्यापासून आडोसा धरून मेंढरे जेथे बसत तेथील गवत झिजून वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती उकरून खड्डे झाले, अशी परंपरागत समजूत आहे. काही खड्डे लोकांनी शिंपले खणून काढल्यामुळे झाले. हेच आजचे 'बंकर'. ओल्ड कोर्सवर ते ११२ आहेत असे सांगतात आणि बहुतेकांना नावे आहेत: 'नरक', 'शवपेट्या', 'सिंहाचे तोंड', 'चष्मा', 'प्राचार्यांचे नाक'. १४१३ पासून ज्या गावात विद्यापीठ आहे, त्या गावाने प्राचार्यांच्या नाकाची अशी सोय लावावी हे आम्हास फार आवडले.

गोल्फचा पहिला लेखी उल्लेख बंदीहुकुमात सापडतो, ही आणखी एक गंमत. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांस मनाई केली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून नसते उद्योग करू नयेत, हा हेतू. मनाई अर्थातच कोणी पाळली नाही. १५५२ साली सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एक सनद करून दिली, आणि आमच्या दृष्टीने या कथेतील मूळ दस्तऐवज तोच. गावकऱ्यांनी लिंक्सवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी वगैरे खेळ खेळावेत, हा त्यांचा हक्क त्या सनदेत मान्य केलेला आहे. परंतु त्याच कागदात आर्चबिशपसाहेबांना त्या जागेवर ससे पाळण्याची मोकळीकही आहे. खेळणारे आणि ससे यांची एकाच सनदेत बांधलेली ही मोट पुढे अडीचशे वर्षांनी फुटली.

१७५४ साली बावीस सरदार आणि सद्गृहस्थांनी एकत्र येऊन खेळाडूंची सभा स्थापन केली. १८३४ मध्ये चौथ्या विल्यम राजाने तिला आपल्या नावाचा आधार दिला आणि ती 'रॉयल अँड एन्शंट' क्लब झाली. पुढे जगभरच्या गोल्फचे नियम ठरविण्यात या क्लबाचा शब्द प्रमाण ठरला. १८५४ मध्ये मैदानाच्या तोंडाशीच त्याची भव्य दगडी वास्तू उभी राहिली. तिच्या खिडक्यांतून पहिल्या टोल्याची जागा अगदी हाकेच्या अंतरावर दिसते. नवखा प्रवासी सहज समजतो की मैदान या वास्तूचेच अंगण असणार. ते तसे नाही.

या सभेने एक निर्णय मात्र असा केला की तो सर्व जगाने उचलला. पूर्वी खेळाडू नदीमुखाकडे अकरा होल खेळत जात आणि तीच होल उलट क्रमाने खेळत परत येत. असा बावीस होलांचा डाव होई. (गोट्यांच्या खेळात आपण जिला गल म्हणतो तिचाच हा भाऊबंद, परंतु 'होल' हा शब्द आता रुळला आहे, तो आम्ही ठेवतो.) १७६४ मध्ये असे ठरले की पहिली चार होल फार आखूड आहेत, त्यांची दोनच करावीत. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, म्हणजे अठरा. गोल्फचा डाव अठरा होलांचा का, याचे उत्तर म्हणून नाना कल्पित गोष्टी सांगितल्या जातात. खरे कारण एवढेच की एका गावच्या गायरानावर त्या साली तेवढी होल भरली.

आता सशांकडे वळू. धर्मक्रांतीनंतर सेंट अँड्र्यूजचे वैभव ओसरले. १५५९ नंतर तेथील महामंदिराचे अवशेष झाले आणि यात्रेकरूंचा ओघ थांबला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात पार बुडाली. १७९७ साली पैशाची निकड भागविण्यासाठी लिंक्स हातची सोडण्यात आली आणि ती डेम्प्स्टर या व्यापारी बापलेकांच्या हाती गेली. त्यांना मांसासाठी आणि कातड्यांसाठी ससे पाळावयाचे होते. वालुकामय जमिनीत ससा किती झपाट्याने वाढतो हे सांगावयास नको. मैदानभर बिळेच बिळे झाली. खेळाडू कोर्टात गेले. व्यापाऱ्यांचा बचाव असा की ससे पाळण्याचा हक्क जुना आहे. खेळाडूंचे म्हणणे असे की खेळण्याचा हक्कही तितकाच जुना आहे आणि एका हक्काने दुसऱ्याचा गळा घोटता येत नाही. गावकऱ्यांनी ससे मारावेत की नाही यावरून मैदानावर हातघाईचे प्रसंग आले. दावा एडिंबरोहून लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. वीस वर्षांहून अधिक काळ हे भांडण धुमसत होते. ते मिटले ते न्यायाधीशाच्या हातून नव्हे. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी लिंक्स विकत घेतली आणि खेळ सुरक्षित केला. ते स्वतः गोल्फ खेळत. दुसऱ्या होलजवळच्या एका बंकरला आजही त्यांचे नाव आहे. गावच्या हक्काचे रक्षण शेवटी एका धनिकाच्या मेहेरबानीने झाले, ही गोष्ट फारशी अभिमानाची नव्हे, परंतु झाले ते असे.

या मैदानाला आजचे रूप आले ते मात्र पुढच्या पन्नास वर्षांत, आणि त्यामागे चेंडूचा इतिहास आहे. पूर्वीचा चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेला असे. एक कुशल कारागीर दिवसभरात मोजकेच चेंडू करी, म्हणून तो महाग आणि पावसात लवकर फुटणारा. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त आणि टिकाऊ होता. अॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा पहिल्या प्रतीचा खेळाडू आणि पिसांच्या चेंडूचा नामांकित कारागीर. नव्या चेंडूने आपला धंदा बसणार हे त्याने ओळखले आणि आपला साहाय्यक टॉम मॉरिस तो चेंडू खेळतो हे कळल्यावर दोघांचे फाटले. १८५१ मध्ये टॉम गाव सोडून प्रेस्टविकला गेला. चेंडू मात्र थांबला नाही. जो खेळ सावकारांना परवडे तो आता सुतार, विणकर, दुकानदार यांच्या आवाक्यात आला आणि मैदानावर गर्दी उसळली.

गर्दी झाल्यावर अडचण अशी की जाणारे आणि येणारे एकाच होलवर येऊन आदळत. दोन वाटा करण्यास जागा नव्हती, कारण दोहोंकडे काटेरी झुडपांचे रान होते. मग त्याच हिरवळीवर, म्हणजे 'ग्रीन'वर, एकाऐवजी दोन होल पाडण्यात आली. जाणाऱ्यांसाठी पांढरे निशाण, येणाऱ्यांसाठी तांबडे. हिरवळी रुंदावल्या, झुडपे हटली. अठरा होलांपैकी चौदा होल आजही सात जोड-हिरवळींवर आहेत. त्यांतही एक मौज आहे. जोडीतील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते: दुसरे आणि सोळावे, तिसरे आणि पंधरावे, याप्रमाणे आठवे आणि दहावे येथवर. पहिले, नववे, सतरावे आणि अठरावे एवढीच स्वतंत्र. पाचव्या-तेराव्याची हिरवळ तर पाऊण एकराहून मोठी आहे. कोणा कलावंताने मोठेपणा दाखविण्यासाठी ती केली असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ती गर्दीने केली.

रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला. त्यापूर्वी एकच वर्ष, १८५८ साली, त्याने ७९ टोल्यांत मैदान पुरे करून ऐंशीच्या आत येणारा पहिला खेळाडू होण्याचा मान मिळवला होता. टॉम मॉरिसला क्लबाने १८६५ च्या सुमारास परत बोलावून मैदानाची राखण सोपविली आणि तो १९०३ पर्यंत त्या कामावर राहिला. फावडे, कुदळ आणि हातगाडी एवढीच त्याची हत्यारे. हिरवळीवर पुन्हा पुन्हा वाळू पसरावी, म्हणजे गवत बारीक आणि घट्ट येते, हे त्याचे तंत्र. त्याने ओढ्याच्या पलीकडे पहिल्या होलसाठी वेगळी हिरवळ केली आणि त्यामुळे मैदान घड्याळाच्या काट्याविरुद्ध खेळता येऊ लागले. त्याआधी ते उलट दिशेने खेळत, आणि बराच काळ दोन्ही दिशा आलटून पालटून चालत. ११२ बंकरांपैकी काही आज निष्कारण भलत्याच जागी वाटतात, त्याचा उलगडा यात आहे. ते त्या दुसऱ्या दिशेच्या खेळाचे आहेत.

आता खेळाच्या गुणाविषयी. ज्याने हातात कधी काठी धरली नाही त्यालाही हे समजण्यासारखे आहे. पहिल्या टोल्यापुढे अफाट रुंद मैदान असते, कारण पहिल्या आणि अठराव्या होलची वाट एकच, मध्ये ना झाड ना कुंपण. उलट गावातली एक जुनी वहिवाटीची वाट ते ओलांडून थेट पुळणीकडे जाते. मोटार किंवा बाई-मुले जात असली तर खेळाडूने थांबावयाचे. या रुंदीमुळे नवखा म्हणतो, यात अवघड ते काय? बहुतेक होलांवर डावी बाजू मोकळी आहे. भित्र्या माणसाने डावीकडे मारावे, त्याला शिक्षा नाही. परंतु डावीकडून हिरवळीकडे पाहिले की मध्ये नेमका एखादा बंकर किंवा उंचवटा आडवा असतो. उजवीकडे, झुडपांच्या आणि सीमेच्या कडेकडेने, जो धोका पत्करतो त्यालाच पुढची वाट सरळ मिळते. म्हणजे हे मैदान चुकीला दंड करीत नाही, भीतीला करते, आणि तोही एक टोला उशिरा. त्यात जमीन कठीण, चेंडू टप्पे घेत धावणारा, आणि समुद्राचा वारा ओहोटी-भरतीबरोबर दिशा बदलणारा. सकाळी जो बंकर टोल्याच्या पल्ल्याबाहेर असतो तोच दुपारी बरोबर चेंडूखाली येतो.

चौदाव्या होलवरचा 'नरक' सुमारे दहा फूट खोल आहे. १९९५ च्या खुल्या स्पर्धेत खुद्द जॅक निकलाउस यांना त्यातून बाहेर पडण्यास चार टोले लागले आणि त्या एका होलवर त्यांचे दहा झाले. याच मैदानावर त्यांनी १९७० आणि १९७८ मध्ये ती स्पर्धा जिंकली होती! उलट २००० साली टायगर वुड्स चार दिवसांत ७२ होल खेळले आणि एकदाही बंकरमध्ये गेले नाहीत. २६९ टोल्यांत, आठ टोल्यांच्या आघाडीने जिंकले. बंकर चुकविण्याचे गणित त्यांनी जसे मांडले तसे मांडणारा विरळा.

परंतु मैदानाचा आत्मा सतराव्या होलमध्ये आहे. त्याचे नावच 'रोड होल'. पहिला टोला मारावयाचा तो पूर्वीच्या रेल्वे आवारातील छपरांवरून. गावात आगगाडी १८५२ मध्ये आली आणि १९६९ मध्ये गेली. छपरेही गेली, पण तशाच आकाराची बांधणी हॉटेलाच्या आवारात पुन्हा उभारून ठेवली आहे, कारण ती नसती तर खेळच बदलला असता. हिरवळ अरुंद, तिरपी. पुढे डावीकडे एक खोल बंकर, आणि मागे लगेच गावचा जुना रस्ता व दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच मारावा लागतो. कोणत्याही खाजगी मालकाने हा रस्ता वळविला असता. गावचा रस्ता वळविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, म्हणून तो राहिला आणि जगातील सर्वांत भयानक होलचा अर्धा प्राण झाला. १९७८ मध्ये जपानचे नाकाजिमा दोन टोल्यांत हिरवळीवर पोचले, पण हलका टोला उतारावरून त्या बंकरमध्ये घरंगळला. त्या होलवर त्यांचे नऊ झाले. १९८४ मध्ये टॉम वॉटसन यांचा चेंडू रस्ता ओलांडून भिंतीशी जाऊन बसला आणि सेव्ह बॅलेस्टेरॉस विजयी झाले. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे कॅमेरॉन स्मिथ याच बंकरच्या आड सापडले. चेंडू वर उडविण्याऐवजी त्यांनी तो जमिनीवरून, बंकरला वळसा घालून, चढावर ढकलला आणि बरोबरी राखून शेवटी २६८ टोल्यांत जिंकले. मेंढपाळाच्या पोरानेही तसेच केले असते, असे आम्हास वाटते.

हे मैदान पहिल्या भेटीत आवडत नाही, ही तक्रार जुनी आहे. १९२१ मध्ये एकोणीस वर्षांचे बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत इतके चिडले की अकराव्या होलवर त्यांनी खेळच सोडून दिला. पुढे १९२७ मध्ये त्यांनी येथेच खुली स्पर्धा जिंकली आणि १९३० मध्ये हौशी खेळाडूंची. १९५८ मध्ये गावाने त्यांना नागरिकत्वाचा मान दिला. १७५९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना तो मिळाल्यानंतर तो मिळालेले हे दुसरे अमेरिकन. दरम्यान जोन्स यांनी अॅलिस्टर मॅकेन्झी यांच्या साहाय्याने जॉर्जियात ऑगस्टाचे मैदान उभारले होते. मॅकेन्झी यांनी १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा बारकाईने नकाशा काढला होता, आणि रुंद वाट, धूर्त हिरवळ, भीतीला दंड ही तत्त्वे त्यांनी तेथूनच नेली. गंमत अशी की ऑगस्टा हे जगातील अत्यंत बंदिस्त मैदानांपैकी एक झाले. तत्त्वे सातासमुद्रापलीकडे गेली, वहिवाटीची वाट काही गेली नाही.

मालकीचा प्रश्न १८९४ मध्ये कायद्याने सुटला. पार्लमेंटच्या खास कायद्याने लिंक्स पुन्हा नगरपालिकेची झाली. क्लबाने ओल्ड कोर्सची देखभाल करावयाची आणि शेजारी दुसरे मैदान करून द्यावयाचे, त्याबदली त्याच्या सभासदांना काही वेळा राखून मिळावयाच्या, असा व्यवहार ठरला. हे दुसरे मैदान १८९५ मध्ये खुले झाले. त्याला आजतागायत 'न्यू कोर्स' म्हणतात! दुसरे महायुद्ध संपेपर्यंत गावकऱ्यांना खेळावयास पैसे पडत नसत. १९७४ मध्ये स्थानिक कारभाराची फेररचना होऊन जुनी नगरपालिका संपुष्टात येणार असे दिसताच नव्या कायद्याने सार्वजनिक विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. गावकऱ्यांना सवलत, क्लबांना ठरावीक वेळा, आणि परक्यांना सोडत. चिठ्ठीत नाव निघाले तर टोकिओचा व्यापारी आणि गावचा शिक्षक एकामागून एक खेळतात.

सर्व गोड आहे असे मात्र नाही. ज्या क्लबाचा शब्द जगात चालत असे त्याने स्त्रियांना सभासदत्व देण्याचे २०१४ मध्ये ठरविले. गावातील स्त्रियांनी १८६७ मध्येच लिंक्सच्या एका कोपऱ्यात आपला क्लब काढला होता. त्यांची उंचसखल हिरवळ 'हिमालय' या नावाने ओळखली जाते. ओल्ड कोर्सवर स्त्रियांची ब्रिटिश खुली स्पर्धा प्रथम भरली ती २००७ मध्ये. तसेच २०१२ मध्ये विश्वस्तांनी सतराव्याचा बंकर रुंदावण्याचे आणि अकराव्याची हिरवळ सपाट करण्याचे काम काढले, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी ओरड केली. नवे चेंडू आणि काठ्या यांनी टोले फार लांब जातात, म्हणून जमीन बदलावयाची, की चेंडूस लगाम घालावयाचा? काम झालेच. आमच्या मते चेंडूला आधी हात घालावयास हवा होता, कारण चेंडू दर दहा वर्षांनी बदलतो, जमीन पाचशे वर्षांची आहे.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर हा रिवाज जुना आहे. मेंढपाळांसाठी काही शतकांपूर्वी बांधलेल्या ओढ्यावरच्या लहानशा दगडी पुलावरून त्या दिवशी गावचे लोक कुत्री घेऊन जातात, मुले अठराव्या हिरवळीच्या उतारावर लोळतात आणि फिरावयास आलेला पाहुणा 'नरका'त उतरून पाहतो, वर यावयास किती वेळ लागतो ते.